टॅप कोणी मोडला

घोडपदेवचा जगदीश हाताचा इतका साफ फिटर, की त्याने कधी आटे पाडायचा टॅप मोडल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. मोडला तेव्हाही कोणी पाहिलं नाही, आणि तिथंच घोळ झाला.

मार्च संपत आला होता. लालबागला सुंदराबाईंच्या डंकावर मसाला कांडायला बायकांची रांग लागलेली, आणि नेमका बेअरिंगचा ओतीव ब्रॅकेट खडखडायला लागला. बोल्टाच्या भोकातले आटे झिजले होते. जगदीशने ब्रॅकेट उतरवला, भोक जरा मोठं केलं आणि नवे आटे पाडायला टॅप फिरवायला घेतला. अर्धी फेरी पुढे, पाव फेरी मागे, हे त्याच्या बोटांना पाठ. पण बाहेर बायकांची घाई चाललेली. त्याने मागची फेरी सोडली, कीस अडकला आणि कट्! टॅप आतच मोडला.

“काय झालं रे?” सुंदराबाईंनी विचारलं.

“आत आधीचाच तुकडा मोडून बसलाय, बाई. कोणीतरी हात घातलेला दिसतोय.”

बोलून गेला. बाईंचा नवरा गेल्यापासून डंकाचं ग्रीसपाणी त्यांचा धाकटा दीर निलेश बघायचा. महिन्यापूर्वी तो बोल्ट त्यानेच आवळला होता. बाईंनी तिथल्या तिथे स्पीकरवर फोन लावला.

“वैनी, मी नुसता पाना लावला. टॅप माझ्याकडे आहे कुठे?”

“वर खोटं बोलतोस? ऐन सीझनला माझ्या पोटावर पाय दिलास! पुन्हा डंकाला हात लावू नकोस.”

जगदीश खाली मान घालून हत्यारं गोळा करत राहिला. एक वाक्य बोलला असता तरी भागलं असतं. 

टॅपचं पोलाद कडक, ड्रिल त्याच्यावर घसरतं. ठोकावं तर ओतीव लोखंड तडकणार, आणि तसला ब्रॅकेट आता बाजारात मिळत नव्हता. जुन्या कंपनीत जगदीशने स्पार्क मशीन पाहिलं होतं, ठिणग्यांनी पोलाद कणाकणाने खाणारं. तेच त्याने घरी बनवायला घेतलं. भंगारातला ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, करंट आवरायला दोन बल्ब, फिशटँकच्या पंपाची थरथरणारी कॉइल आणि तिला बांधलेली बारीक पितळी कांडी. ब्रॅकेट रॉकेलच्या डब्यात बुडवला, शेजारी वाळूची बादली ठेवली. पहिले दोन दिवस कांडी टॅपला चिकटूनच बसायची. मग थरथर जमली आणि रॉकेलखाली निळ्या ठिणग्या तडतडू लागल्या.

“दुसऱ्याच्या मशीनसाठी एवढा जीव काढताय,” त्याची बायको लक्ष्मी कौतुकाने म्हणाली. जगदीश अर्धी भाकरी ताटात टाकून मशीनकडे वळला.

तिसऱ्या दिवशी टॅपचा गाभा खाऊन झाला. उरलेल्या कपच्या त्याने चिमट्याने एकेक काढल्या. भोकाच्या कडेला ओरखडासुद्धा नव्हता. नवे आटे त्याने मागची प्रत्येक फेरी मोजत पाडले.

डंक सुरू झाला. सुंदराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “घरच्याने मोडलं, परक्याने जोडलं बघ.”

आता मात्र जगदीशला राहवेना. “बाई, टॅप मी मोडला. निलेशचा काही दोष नाही.”

डंक धडधडत होता. आपलं बोलणं ऐकू गेलं की नाही, त्याला कळेना. पण बाईंनी स्विच बंद केला.

“मी त्याला भावजय म्हणून नाही, आई म्हणून वाढवला रे. त्या दिवसापासून त्याचा फोन नाही.” मग कोरड्या आवाजात म्हणाल्या, “मला काय सांगतोस? त्याला सांग जा.”

जगदीश तसाच चालत करी रोडला निलेशच्या घरी गेला. निलेशने दारातच सगळं ऐकून घेतलं. आत या म्हणाला नाही.

“फोनवर वैनी ओरडत होती, तेव्हा तुम्ही तिथेच होतात?”

“होतो.”

निलेशने हळूच दार लावून घेतलं.

रविवारी तो डंकावर आला. दोघं काय बोलली, कोणाला ठाऊक नाही. पण बाईंनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही, एवढं रांगेतल्या बायकांनी पाहिलं. जगदीशचं मशीन मात्र गाजलं. भायखळ्यापासून लोक मोडके टॅप अडकलेले सुटे भाग घेऊन येतात. “ही आयडिया सुचली कशी?” असं कोणी विचारलं, की तो रॉकेल गाळायला वळतो. निलेश आजही रस्त्यात दिसला तर समोरून जातो, बोलत नाही. जगदीशही त्याला हाक मारत नाही.