मोहाची बॅच

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत धनराज शेठचा चॉकलेटचा छोटा कारखाना आहे. तरन्नुम तिथं लागली ती डबे भरायला. एके दिवशी समोरच्या ट्रेमधला तुकडा तिनं तोंडात टाकला आणि सुपरवायझरला म्हणाली, "याला साबण लागलाय." बाकी कुणालाच काही कळेना. शेठनं चौकशी केली, तर साचे धुऊन नीट खंगाळलेच नव्हते. त्याच आठवड्यात त्यांनी तिला आत बोलावलं आणि चाखायचं काम तिच्याकडे आलं. ते नऊ वर्षं तिच्याकडे राहिलं.

साध्या चॉकलेटमध्ये शेठला रस नव्हता. त्यांना पेरू-मिरचीचं हवं होतं, कढीपत्त्याचं, नागलीच्या लाह्यांचं. लासलगावचा कांदा भाजून त्याचं चॉकलेट करायचं म्हटल्यावर सगळे हसले. तरन्नुमनं त्याच्या अकरा बॅच परत पाठवल्या, बारावीला मान डोलावली, आणि ते चॉकलेट मोठ्या हॉटेलांत जाऊ लागलं. चाखायच्या दिवशी ती सकाळचा चहा घेत नसे. कोमट पाणी, दोन चुरमुरे, मग काम. तुकडा कानाशी धरून मोडायची, नाकाखाली धरायची, जिभेवर ठेवून डोळे मिटायची. चावायची मात्र नाही. उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली बाई, शेरे स्वतःच्याच शब्दांत द्यायची. "हा उशिरा बोलतो." "याची मिरची एकटी पडलीय." "शेवटी तोंडात राख राहते." शेठ ते शेरे जसेच्या तसे यंत्रावरच्या माणसाला वाचून दाखवत.

सगळ्यात जास्त चाललं ते मोहाच्या फुलांचं. फुलं हरसूलकडच्या एका पाड्यावरून यायची, तिथल्या चौदा बायकांच्या गटाकडून. गटाची प्रमुख सविता. पहिला नमुना ती स्वतः एसटीनं घेऊन आली होती. तरन्नुमनं मूठभर फुलं हुंगली.

"मनुकेसारखी आहेत. पण मागून धूर येतोय."

सविता चकित झाली. "वाळत घातली तिथं शेजारी चूल होती, ताई. पुढच्या खेपेला लांब वाळवू."

आणि तिनं तसं केलं. पुढं ती कधीही आली, की आधी तरन्नुमसमोर पिशवी उघडायची. तरन्नुमनं बरी म्हटलं, की तिच्या लेखी विषय संपला.

मागच्या जानेवारीत तरन्नुमला ताप आला, सर्दी झाली. ताप आठ दिवसांत गेला. नंतर एका सकाळी ती शेगडीपाशी उभी होती आणि तिचा नवरा रहेमान बाहेरच्या खोलीतून धावत आला. "अरे, दूध जल रहा है!" पातेलं तिच्यासमोर होतं. तळाला दूध करपून काळं झालं होतं. तिनं पातेल्यावर वाकून खोल श्वास घेतला. काहीच नाही. अत्तराची बाटली उघडली, लसूण चिरडला, रॉकेलचा डबा नाकाला लावला. काहीच नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरनं सांगितलं, "वासाची नस दुखावलीय. परत येईलही, न येईलही." जिभेला गोड, खारट, आंबट, कडू कळत होतं. बाकी सगळं गेलं होतं.

"शेठला सांग," रहेमान म्हणाला.

"सांगते. जरा थांबू. आलं परत तर?"

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. तिनं सांगितलं नाही. लोक तिला ज्या गोष्टीसाठी ओळखत होते ती आपल्याकडे उरली नाही, हे तोंडातून काढायची तिला लाज वाटत होती. चॉकलेट मोडतानाचा आवाज तिला ऐकू येत होता, चकाकी दिसत होती, जिभेवर किती वेळात विरघळतं तेही कळत होतं. उरलेलं ती आठवणीनं भरून काढायची. आणि एक युक्ती तिला सापडली. हाताखालच्या दोन मुलींना ती आधी चाखायला लावायची आणि त्यांचे चेहरे बघायची. "तुम्हाला काय वाटतं ते आधी सांगा." मुलींना वाटायचं, ताई आपल्याला शिकवतायत.

दिवाळीच्या ऑर्डरीचे दिवस आले. मोहाची मोठी बॅच निघाली, तेव्हा नेमक्या दोन्ही मुली पॅकिंगला गेल्या होत्या. तरन्नुमनं एकटीनं चाखलं. आवाज बरोबर, गोडी बरोबर. तिनं लिहिलं, "ठीक."

चार दिवसांत बॉक्स परत यायला लागले. बंद बॉक्समध्ये चॉकलेटचा कुबट, बुरशीचा वास साचून वाढला होता. दोघा-तिघांना उलट्या झाल्या होत्या. एका कंपनीनं अख्खी गाडी माघारी पाठवली. शेठनं बॉक्स उघडून नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं.

"फुलंच सडकी दिली बायकांनी," ते म्हणाले. हरसूलला फोन गेला. गटाचं काम बंद. पाड्यावरच्या घरांतून भरून ठेवलेल्या पोत्यांचीही आता गरज नव्हती.

दुसऱ्याच दिवशी सविता कारखान्यात आली. बरोबर गटातली चांगुणा होती. शेठनं बसासुद्धा म्हटलं नाही. सविता तरन्नुमकडे वळली.

"ताई, आमची फुलं तुमच्या नाकाखालून गेली ना? तुम्हीच सांगा. खराब होती?"

शेठ बघत होते.

"चांगली नव्हती," ती म्हणाली.

सवितानं पदर खोचला आणि चांगुणाला घेऊन निघून गेली.

त्या रात्री तरन्नुम जेवली नाही. सकाळी ती गोदामात गेली. गोदाम सांभाळणारा म्हातारा गेणू तिला मागच्या भिंतीशी घेऊन गेला. "पत्रा गळतोय आषाढापासून. शेठला दोनदा सांगितलं. खालची पोती भिजली, वरची कोरडी हायेत." तिनं खालच्या-वरच्या पोत्यांतली फुलं दोन पुड्यांत घेतली आणि घरी रहेमानच्या नाकाशी धरली.

"ही मनुकेसारखी," तो म्हणाला. दुसरी त्यानं हातानं लांब ढकलली. "ओल्या गोणपाटाची घाण येतेय."

ती शेठसमोर जाऊन उभी राहिली आणि जानेवारीपासूनचं सगळं बोलली. शेठ उठले. मग दार लोटून म्हणाले, "हे आपल्या दोघांतच ठेव. चाखणारीला नाक नाही आणि गोदाम गळतंय, हे बाहेर गेलं तर कारखाना बंद होईल. दुसरीकडून मोहाचा अर्क मागवलाय मी."

"आणि त्या बायका?"

"त्यांना दुसरं काम मिळेल."

तरन्नुमनं ओळखपत्र टेबलावर ठेवलं.

रविवारी ती हरसूलला उतरली आणि तिथून जीपनं पाड्यावर गेली. अंगणात पाच-सहाच बायका होत्या. बाकीच्या घरच्यांबरोबर दिंडोरीकडे द्राक्षबागांत गेल्या होत्या. सविताचंही बोचकं बांधून झालेलं होतं. तरन्नुमनं बसायला नकार दिला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. नाकाचं, पत्र्याचं, स्वतःच्या खोट्याचं.



"आमची फुलं चांगली होती हे मला ठाऊक होतं," सविता म्हणाली. "पण बाया मला म्हणल्या, तूच ओली फुलं उचललीस. चांगुणा बोलायची बंद झाली माझ्याशी. हे तुम्ही तिथं बोलायला पायजे होतं, ताई. त्या दिवशी."

"हो," तरन्नुम म्हणाली.

चांगुणा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती सविताकडे न बघता आत गेली. एका म्हाताऱ्या बाईनं तरन्नुमला पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "मग आता फुलं कोण घेईल?"

ओट्यावर पोती रचलेली होती. तरन्नुमनं नाशिकमधल्या दोन-तीन दुकानांची नावं घेतली, विचारून बघते म्हणाली. म्हातारीनं मान हलवली. पण तिची नजर रस्त्याकडे होती. मजुरांना न्यायला आलेली पिकअप चढावर हॉर्न वाजवत होती. सवितानं बोचकं डोक्यावर घेतलं.

"येते," ती बायकांना म्हणाली. तरन्नुमला नाही.

गाडी निघाली. अंगणातल्या बायका एकेक करून उठल्या. परतीची जीप यायला अजून दोन तास होते.