सोळा वर्षं पूर्ण

मल्हारी कागदाला भ्यायचा. साप निघाला तर काठी घेऊन पुढं होणारा हा माणूस, पण पोस्टमननं खाकी लिफाफा पुढं केला की तो दोन पावलं मागं सरायचा. ओझरच्या विमान कारखान्यात हेल्पर म्हणून लागल्यापासून त्याला एकही लेट मार्क नव्हता, आणि दोन माणसांकडून वाचून घेतल्याशिवाय त्यानं कुठल्या फॉर्मवर सही केली नव्हती. वसाहतीतले लोक चिडवायचे की मल्हारी पोस्टाचं तिकीटसुद्धा वाचून मगच चिकटवतो. तो हसायचा. नोकरी एका कागदावर मिळाली होती, एका कागदानं जाऊही शकते, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

अशा माणसानं आयुष्यात एकच खोटं लिहवून घेतलं, आणि तेही लेकीच्या भल्यासाठी.

१९७१ चा जून होता. विशाखा साडेचार वर्षांची. तिची आई भिमाबाई मार्केटात कांदे निवडायला जायची आणि पोरीला दिवसभर कुणाकडं ठेवायचं हा रोज सकाळचा घोळ. पहिलीत घालायला सहा वर्षं पूर्ण लागायची. जन्माचा दाखला तेव्हा कोण मागतोय? मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं. मल्हारीनं आठ दिवस रोज संध्याकाळी तिला मान तिरकी करायला शिकवलं. शाळेत पोरीनं मान अशी काही झुकवली की कान आपणहून हातात आला. मास्तर हसले आणि एक जून एकोणीसशे पासष्ट ही तारीख लिहून मोकळे झाले. सगळ्या वसाहतीचे वाढदिवस त्यांनी असेच एक जूनला लिहिलेले. मल्हारीनं खाली सही केली, आणि पुढं कारखान्याच्या दवाखान्याचं कार्ड निघालं तेव्हा त्यावरही तीच तारीख उतरवली. एक खोटं, पण ते पुन्हा पुन्हा लिहावं लागलं.

सातवीत काविळीनं विशाखाचं एक वर्ष बुडालं. पोरगी हाडकुळी, अभ्यासात बेताची, पण खो-खोत पळायला उतरली की मैदान तिचं. खांबाजवळ ती अशी वळायची की मागे लागलेली पोरगी दोन पावलं भलतीकडंच जायची. शाळेच्या खेळाच्या देवरेबाईंनी मल्हारीला बोलावून सांगितलं, ही जिल्ह्याच्या संघात गेली तर कॉलेजात खेळाडू म्हणून प्रवेश मिळेल, फी माफ होईल, पुढं नोकरीतही त्याचा उपयोग होईल.

मल्हारीला हे हवंच होतं, कारण त्याच्या मागं त्याची थोरली बहीण लागलेली होती. आक्काबाई निफाडच्या बाजूला एका खेड्यात दिलेली. तिला विशाखा आपल्या लेकासाठी, वाल्मीकसाठी हवी होती. वाल्मीक वाईट नव्हता. द्राक्षाच्या बागांत मजुरी करायचा, पीत नव्हता. पण मल्हारीला लेक बागेत छाटणी करताना डोळ्यांपुढं येईना. भावकीतल्या एका लग्नात आक्कानं चारचौघांत पदर पसरला तेव्हा तो फसला. म्हणाला, पोरगी जिल्ह्याला निवडली गेली तर कॉलेजात जाईल, नाही गेली तर दहावीनंतर अठरा पुरी झाली की तुझी. चार माणसांनी शब्द ऐकला.

निवड चाचणी सप्टेंबर १९८१ मध्ये पंचवटीतल्या एका शाळेच्या मैदानावर होती. गट सोळा वर्षांखालचा. पंधरा दिवस आधी देवरेबाईंनी पालकांना बसवून विचारलं होतं की कुणाच्या जन्मतारखेत काही चूक असेल तर आत्ताच सांगा. कोर्टात जाऊन प्रतिज्ञापत्र करून आणा, शाळा दुरुस्तीला पाठवील. पलीकडच्या एका कारखान्यात वय चोरलं म्हणून एकाला काढून टाकल्याची बातमी ताजी होती. त्यानं स्वतःचं वय चोरलं होतं, मल्हारीनं पोरीचं वाढवलं होतं, पण भीतीला एवढा हिशोब कुठं कळतो! बाईंनी त्याच्याकडं पाहिलं तेव्हा तो म्हणाला, आमचं सगळं बरोबर आहे.

चाचणीच्या दिवशी त्यानं अर्धी रजा टाकली. चुन्याच्या रेघेबाहेर आईबापांची रांग लागली होती. चिमाजी नावाचा एक बाप आपल्या पोरीला प्रत्येक खो-ला सूचना द्यायचा, त्याचा घसा बसला तरी थांबेना. एक बाई पदराचं टोक दातांत धरून उभी. भिमाबाई मैदानाकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून बसली होती. पोरीचा डाव संपेपर्यंत तिनं पाण्याचा घोट घेतला नाही. काय झालं, काय झालं, एवढंच दर मिनिटाला नवऱ्याला विचारायची. मल्हारी गळ्यातला कारखान्याचा पास मुठीत धरून उभा. विशाखा पळतीत साडेपाच मिनिटं टिकली. त्या दिवशी इतकं कुणीच टिकलं नाही.

यादी वाचली गेली. तिचं नाव तिसरं. भिमाबाईनं तोंड फिरवलं आणि ती रडायलाच लागली. मल्हारीला मात्र धड हसता येईना, कारण टेबलामागचे गृहस्थ आता एकेकीचे शाळेचे दाखले पाहत होते. विशाखाचा दाखला हातात घेऊन ते थांबले, बोटांवर मोजलं आणि म्हणाले, हिला जूनमध्येच सोळा पूर्ण झाली, ही बसत नाही.

देवरेबाई धावल्या. त्यांनी विशाखाकडं पाहिलं, मग मल्हारीकडं. तारीख चुकली आहे का, आत्ता सांगा, मी साहेबांकडून चार दिवसांची मुदत मागते, असं त्या अगदी हळू म्हणाल्या. विशाखा बापाच्या शेजारी उभी होती, गुडघ्यावरची माती सुकत आलेली. भिमाबाईनं मागून त्याचा सदरा ओढला.

"सांगा ना," ती म्हणाली.

मल्हारीच्या मुठीत पास इतका घट्ट होता की कड रुतली. तो म्हणाला, "शाळेत लिहिलंय तेच खरं."

तिच्या जागी चिमाजीची पोरगी गेली. परतताना बसमध्ये विशाखा म्हणत राहिली की शाळेच्या कारकुनानं घोळ केला असणार, नाहीतर मास्तरांनी. मल्हारी हो म्हणाला. नंतरही दोन वर्षं, विषय निघेल तेव्हा, तो हो म्हणत राहिला. भिमाबाईनं त्याला कधी उघडं पाडलं नाही, पण त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. विशाखा दहावी कशीबशी पास झाली. मैदानाकडं पुन्हा फिरकली नाही.

जून १९८३ च्या पहिल्याच आठवड्यात आक्काबाई चार माणसं घेऊन दारात आली. विशाखाचा शाळा सोडल्याचा दाखला तिनं मागच्या भेटीतच पुतण्याकडून वाचून घेतला होता. कायद्यानं अठरा लागतात ना, मग झाली की अठरा, एक जूनला. पावसात भिजत तिनं आंब्याची पाटी आणली होती आणि चेहरा असा खुलला होता की मल्हारीला तिचा राग येईना.

पोरगी खरी साडेसोळाची होती. दोन वर्षं मल्हारी जे गिळून बसला होता ते त्या दिवशी बाहेर आलं. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की तारीख खोटी आहे, कान धरायला आपणच शिकवलं, पोर अजून सतराचीही नाही, आणखी दोन वर्षं थांबा.

मग एकजण हसला. आक्काबाई हसली नाही, तिचे डोळे भरले.

"मल्हारी, शबूद फिरवायचा तर सरळ फिरीव. सरकारी शिक्का हाय, तुझी सही हाय, आन् आता म्हंतो खोटं? बहिणीला लय येडी समजतो काय?"

तो भिमाबाईकडं वळला. तिनं एक शब्द बोलायचा होता, तिनं तर पोर जन्माला घातली होती. भिमाबाई खाली बघून पाटीतले आंबे एकेक करून बाजूला ठेवत राहिली. तिनं बोलायची वेळ एकदा सांगितली होती.

विशाखा चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पुढं आली, पाहुण्यांपुढं कप ठेवले आणि शेवटचा बापाच्या हातात दिला.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी तुमच्या शेजारी उभी होते."

एवढंच. आवाज चढला नाही, डोळ्यात पाणी नाही. त्या घरात आता मल्हारीचं खरं ऐकायला कुणी उरलं नव्हतं. चहा थंड झाला. जाणत्या माणसांनी पुढच्याच पौर्णिमेची तारीख धरली, आणि मल्हारीनं रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात त्यानं लिहिलं, मुलीचं लग्न. मुलीच्या वयाच्या रकान्यात, अठरा.