चूक कुठल्या फाइलीत?

जुळे सोलापुरातल्या आमच्या छोट्या ऑफिसात चादरी-टॉवेलांच्या नक्षीचं सॉफ्टवेअर होतं. एकेका नक्षीचे भाग वेगवेगळ्या फाइलींमध्ये लिहायचे, मग आमचा कंपायलर त्यावरून मागाला समजेल अशी फाइल बनवायचा.

सांगोल्याकडची एक मुलगी नवी लागली. घरी मेंढरं, शिक्षण सोलापुरात. हुशार, पण अबोल. तिला एका चादरीच्या नक्षीचा शेवटचा भाग दिला आणि पहिल्या दिवसापासून पडद्यावर तिच्या फाइलचं नाव यायला लागलं: अमुक ओळीवर कंस बंद नाही. तिची फाइल तर त्या ओळीच्या कितीतरी आधीच संपत होती. तिने ती पुसून पुन्हा लिहिली, तरी चूक जाईना. शेजारच्या टेबलावरचा सहकारी वैतागून म्हणायचा, नीट बघत जा जरा.

एका दुपारी चहाला गेलो, तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, मला ह्ये जमंना. महिना भरला की गावाकडं जाते."

परत येऊन मी कंपायलरच उघडून बसले. तो नक्षीच्या साऱ्या फाइली जोडून एकच लांब फाइल करायचा, ओळी त्या लांब फाइलीतल्या मोजायचा आणि नाव मात्र शेवटच्या फाइलचं सांगायचा. शेवटची फाइल नेहमी तिचीच! पोरगी बिचारी आपल्या फाइलीत नसलेली चूक शोधत होती.

मग जोडतानाच प्रत्येक ओळीसोबत तिच्या मूळ फाइलचं नाव आणि तिथला क्रमांक राहील असं केलं. जमायला काही दिवस गेले. शेवटी तिलाच चालवून बघायला सांगितलं. या वेळी नाव आलं ते त्याच चादरीच्या नव्या काठाच्या फाइलचं. ती त्या शेजारच्या सहकाऱ्याने लिहिली होती.

तो उठून आला, वाचलं, आणि म्हणाला, "ही माझी चूक. तुला उगाच बोललो."

तिने मान हलवली आणि बाहेर गेली. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. गावाला जायचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा चूक आली. तिने पडद्यावरचं नाव वाचलं, "ही माझी हाय की," म्हणाली, कंस घातला आणि पुढच्या नक्षीला लागली.