लवू परब, हरकत लिहा

त्या दिवशी सकाळी हितेंद्र फॉर्म घेऊन आला. आमच्या चाळीच्या कमिटीचा सेक्रेटरी तो. चाळ पाडून टॉवर होणार, त्याच्या संमतीचा फॉर्म. आमचे मिस्टर खाटेवर, पॅरालिसिस होऊन तीन दिवस वाचा गेलेली. हितेंद्रने सगळं वाचून दाखवलं, काका हरकत आहे का म्हणून दोनदा विचारलं. हे नुसते त्याच्याकडे बघत राहिले.

"नाय बोलले नाय ना काकी," म्हणाला, आणि फॉर्मवर टिक करून गेला. दुपारी दोनला हे गेले.

ह्यांना चाळीत युनो म्हणायचे. आमच्या मीटिंगमध्ये गप्प बसला तो हो बोलला असं धरतात, पहिल्यापासून. म्हणून हे मुद्दाम उठून आपलं नाव सांगायचे, लवू परब, हरकत लिहा. जिन्याला रंग कुठला, त्याला पण हरकत. पोरं बोलायची, झाला तुमचा व्हेटो, बसा आता युनो. मला लाज वाटायची.

हे बोटीवर खलाशी होते. एकदा मालकाने परदेशात बोट सोडून दिली, नऊ महिने माणसं वरच अडकली. झेंडा एका देशाचा, मालक दुसरीकडचा, बंदर तिसऱ्याचं. ज्याला विचारावं तो बोलायचा, आमचा कायदा लागत नाय. शेवटी कुठल्या मोठ्या ऑफिसातून कागद आला, खलाशांची तक्रार नाही. ह्यांना कोणी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून लाइटबिल पण उलटं करून मागे बघायचे.

ह्यांना टॉवर नकोच असं नव्हतं. मी बोलायचे, संडास घरात येईल, करून टाका सही. तर हे बोलायचे, "जास्त लोक हो बोलले म्हणून माझं तोंड त्यांचं झालं काय गो? आधी विचारू दे मला."

तेराव्याला भांडी घासताना माझ्या डोक्यात आलं. सहा महिने फॉर्म चाळीत फिरत होता, पण ह्यांना वाचा होती तोवर हितेंद्र आमच्याकडे एकदा पण आला नाय. वाचा गेल्यावर बरोबर आला.

पंधराव्या दिवशी चौकात मीटिंग. आधी ह्यांना श्रद्धांजली, दोन मिनिटं सगळे उभे, गप्प. मग बसले. हितेंद्र यादी वाचायला लागला. खोली एकोणीस, परब, संमती.

मी बसलेच नव्हते.

"सुभद्रा परब," मी बोलले. "हरकत लिहा."

कोण हसलं नाय. हितेंद्र खिसे चाचपायला लागला, पेन सापडेना. मी माझं दिलं. घरून आणलेलं.