मिस्त्रींनी बरा केलेला पंप

पुण्याजवळच्या भरे गावात जहाजांचं काम! फोनवर सांगितलं, तर नांदेडहून आई म्हणाली, "अगं, तिथं समुद्र तरी आहे का?" नव्हता. आम्ही तो ताम्हिणी घाटातून टेम्पोने आणायचो, पिंपं भरभरून.

जहाजं तोल सांभाळायला पोटात समुद्राचं पाणी घेतात आणि परमुलखात नेऊन ओततात. त्यातले बारीक जीव तिथं बिऱ्हाड थाटतात. आमच्या प्रयोगाच्या शेडमध्ये हे पाणी पंपाने भोकांच्या चकतीतून दामटलं, की इवले बुडबुडे उठायचे आणि पटापट फुटायचे. त्या तडाख्यात जीव खलास, पावडर नको की औषध नको. फक्त पाइप असा खडखडायचा, जणू कुणी आत खडी ओतलीय.

२००५चा उन्हाळा. जहाज कंपनीचे पाहुणे बघायला येणार होते. "आज जमलं नाही तर शेडला कुलूप," प्रकल्पाच्या सरांनी बजावलेलं. म्हणजे मी परत नांदेडला, आणि बाबा स्थळांची यादी घेऊन तयारच!

पाहुणे आले. पंप अर्धा तास चालला. मी पाहुण्यांना सगळं समजावण्यात गुंग. सूक्ष्मदर्शकात डोकावले आणि अगं बाई! मेलेत कुठले, वरातीत नाचावं तसे नाचतायत. तेव्हा कुठे लक्षात आलं, पाइप गप्प आहे. ना खड, ना खुड.

शेडमालकांच्या विहिरीवरचे पंप बघणारे मिस्त्री दारात हसत उभे. "सकाळी आलतो. लई खडखडत हुता. कुनीतरी ही चकती पायपातच इसरलं हुतं, काढली. झाला का न्हाई बरा?"

त्यांचा गळा धरावासा वाटला, आणि हसूही फुटलं. "काका, आम्हाला तो आजारच हवाय हो, आणखी वाढवा!"

मला वेड लागल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण चकती जागेवर बसवली. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपला, मूठ कानाला लावून व्हॉल्व्ह फिरवत राहिले. मी महिनाभरात जिथवर कधी नेला नव्हता, तिथवर. पत्रे थरथरायला लागले. अर्ध्या तासाने डोकावले, तर सगळं सामसूम! मी चक्क नाचले, सरांच्या आणि पाहुण्यांच्या देखत.

"व्हॉल्व्हची ही नेमकी जागा कुठल्या यंत्राने शोधली?" पाहुण्यांनी विचारलं. मी मिस्त्रींच्या कानाकडे बोट दाखवलं. शेडला कुलूप लागलं नाही.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "तीस वर्सं ह्यो आवाज बंद करत आलोय. वाढवा म्हननारी तूच पयली, पोरी."