घंटेवरचं नाव

भातकुलीच्या विहारातली पितळी घंटा चिंचेनं घासायचं काम मोतीरामचं होतं. हिवाळ्यात तो गेला आणि ते काम न सांगता त्याच्या बायकोकडे, सत्यवतीकडे आलं. लोक भेटायला आले, रडले, गेले; ही त्यांना चहा देत राहिली. घंटाही ती तशीच घासायची. चिंचेचा वाससुद्धा तिला जाणवत नसे.

घंटेवर इंग्रजीत नाव कोरलेलं होतं, नॅथन हार्कोर्ट. विहारात पंख्यापासून पातेल्यापर्यंत प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याचं नाव. तेव्हा हाही कुणी दानी साहेब असणार, असं सगळ्यांनी धरलं. दर बुद्धपौर्णिमेला खीर वाटण्याआधी दानदात्यांत हे नाव मानानं वाचलं जाई. मोतीराम नुसता हसायचा.

यंदा नात माया अमरावतीहून आली. मोबाइलवर शोधून म्हणाली, “आजी, हा दानी नाही. चारशे वर्षांमागे अमेरिकेत जाऊन वसलेला इंग्रज. तिथल्या मूळ लोकांच्या जमिनी घेऊन यानं गाव वसवलं. पुढं दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं मालाची जहाजं भराभर बांधली, त्यांना तिथल्या जुन्या, मेलेल्या नामवंतांची नावं दिली. ही घंटा त्यातल्याच एका जहाजाची.”

विहार समितीचा प्रीतम तापलाच. “म्हंजे आमी इतकी वर्सं लोकायच्या जमिनी लाटनाऱ्याचं नाव घेऊन राहिलो? काकू, पौर्णिमेआधी ते घासून टाकतो. तिथं मोतीरामकाकाचं कोरू. घंटा त्यायनंच तं आनली!”

सगळ्यांना पटलं. सत्यवती म्हणाली, “उद्या सांगतो.”

मोतीराम तरुणपणी मुंबईला जुनी जहाजं तोडायच्या कामावर होता. हेच जहाज तोडताना पत्रा कोसळून त्याचा जोडीदार श्रावण दबून मेला. त्याला ना घर, ना बायको. मुकादमानं दुसऱ्याच दिवशी त्याच्या जागी माणूस लावला. मोतीरामनं मजुरीऐवजी घंटा मागून घेतली. हे एकट्या सत्यवतीला ठाऊक होतं. घासता घासता तो म्हणायचा, “हे नाव दिसलं का मले श्रावण दिसते.”

सकाळी प्रीतम कोरणाऱ्याला घेऊन हजर.

“खोडू नोको,” सत्यवती म्हणाली.

“काहून? साहेबाचं जहाजावर झालं, विहारात बी झालं. अजून किती मान द्याचा त्याले?”

“मानाचं नाही ते. श्रावण मेला त्या जागेचं नाव हाय.”

“कोन श्रावण?”

तिनं सांगितलं. आवाज कुठं हलला नाही. कोरणाऱ्यानं छिन्नी खाली ठेवली.

“अन् काकाचं नाव?” प्रीतमनं हळूच विचारलं.

सत्यवतीनं घंटेकडे पाहिलं. आता तरी रडू येईल, असं तिला वाटलं. आलं नाही.

“त्यायचं नोको. खाली श्रावण लिवा.”

“आडनाव?”

“मालूम नाही.”

पौर्णिमेला प्रीतमनं नावं वाचली. साहेबाचं गाळलं, शेवटी श्रावणचं घेतलं. मायानं आजीच्या हातात खिरीची वाटी दिली. गोड आहे की नाही, ते सत्यवतीला कळलं नाही. पण वाटी तिनं संपवली.