तीन मंगळवार

आमच्या वेळचं खाणं किती सकस होतं, असं हल्ली बायका मलाच ऐकवतात. हातसडीचा तांदूळ, नाचणीची भाकरी, रानातल्या भाज्या, असं बोटांवर मोजून दाखवतात. खोटं नाही. ते सगळं घरात होतं. कुणाच्या ताटात काय पडायचं आणि कधी पडायचं, ते मात्र कुणी विचारत नाही.

माझं माहेर आटगावकडचं. शाळा चौथीपर्यंत. सोळाव्या वर्षी लग्न होऊन टोकावड्याच्या बाजूला आले. लढाईची वर्षं आली तोवर मला चार मुलं झाली होती. पहाटे दळण, मग पाणी, शेणगोठा, भाकऱ्या, दुपारी भात कांडायचं आणि आवणीच्या दिवसांत यातलं सगळं करून चिखलात वाकून भाताची रोपं लावायची. पुरुष आधी जेवायचे, मग मुलं, मग सासूबाई, मग मी. मला भात उरला नाही तर पेज असायची.

इतक्या रगाड्यात घर मात्र मी चोख ठेवायचे. कोपऱ्यात मडक्यांच्या दोन उतरंडी होत्या. पावसाच्या आधी त्या उतरवून, मडकी उन्हात तापवून परत रचायची. क्वचित लागणारं खाली, रोजचं वर. मिठाला पाणी सुटतं म्हणून त्याचं मडकं चुलीजवळ. सुकटीचं दाराआड, वास इतर कशाला लागू नये म्हणून. माझ्या हाताखाली कधी वस्तू इकडची तिकडे झाली नाही. सासूबाई आल्यागेल्याला म्हणायच्या, "नियमाची हाय गो. दोनदा सांगावं लागत नाय." हे ऐकलं की मला बरं वाटायचं. एवढ्याशा शाबासकीसाठी मी काय काय केलं, ते आता सांगते.

सासरी एक नियम होता. पावसात उगवलेली पहिली पालेभाजी गावदेवीला दाखवल्याशिवाय घरात कुणी खायची नाही. भाजी घरच्या सुनेने खुडायची, तिनेच शिजवायची आणि मंगळवारी घरातल्या मोठ्या पुरुषाने देवीपुढे ठेवायची. माहेरी असलं काही नव्हतं. माझी आई टाकळा जमिनीबाहेर दिसला की खुडून आणायची. पण ते माहेर.

लढाईतल्या एका वर्षी मे महिन्यात माझ्या तिसऱ्या मुलीला गोवर आला. चार वर्षांची होती. गोवराचं पथ्य म्हणजे मऊ भात आणि मीठ. तेल नाही, तिखट नाही, सुकट नाही. गोवर गेला तरी सासूबाईंनी पथ्य सोडू दिलं नाही. पोर वाळली. संध्याकाळ झाली की भिंत धरून चालायला लागली. रॉकेल मिळत नव्हतं, दिवा आम्ही जेवणापुरताच लावायचो. मला वाटलं, अंधारामुळे चाचपडते.

मग एका संध्याकाळी अंगणात चांगला उजेड असताना मी तिच्यापुढे भाकरीचा तुकडा धरला. पथ्य मोडून, चोरून. ती माझ्या हाताच्या शेजारी हवेत हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मुरबाडच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हातारा होता, घाईतला. त्याने पापण्या वर करून पाहिल्या.

"खायला काय देता हिला?"

"भात आन् मीठ."

"आणि?"

"गोवराचं पथ्य हाय. गोवर जाऊन महिना झाला."

"महिना झाला ना? मग पथ्य कसलं? अंडं द्या. दूध द्या. ते नसेल तर पालेभाजी द्या, रोज. बांधावर टाकळा असेल, कुरडू असेल. आठ दिवसांत फरक पडेल. नाही दिलीत तर डोळे जातील. मग माझ्याकडे आणू नका, माझ्याजवळ औषध नाही."

म्हैस आटली होती. अंड्याचं नाव काढताच सासूबाई उसळल्या. "अंडं गरम. गोवर उलटला तर?"

"मग टाकळा देऊ?"

"देवीआधी? येड लागलं का गो तुला? देवीनंच गोवर काढून नेला तिचा. मंगळवारी भाजी दाखवू, मंगळवारपासून तिला टोपलंभर घाल. चार दिवसांत काय होतंय?"

नवऱ्याला विचारलं. तो विळ्याला धार लावत होता. मान वर न करता म्हणाला, "आई सांगते ते कर."

चार दिवस मलाही फार वाटले नाहीत. मी कबूल झाले.

सोमवारी भाऊबंदांत एक म्हातारा गेला. दहा दिवसांचं सुतक. देवीकडे जायचं नाही, नैवेद्य नाही. पहिला मंगळवार गेला, त्यातच दुसराही गेला. बांधावर टाकळा वीतभर झाला होता. मी रोज त्याच्यावरून चालत आवणीला जायचे.

आमच्याकडे डोंगरावरची एक बाई लाकडाची मोळी घेऊन यायची. तिने पोरीला दारात चाचपडताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कुरडूची जुडी घेऊन आली.

"शिजव आन् दे तिला."

"आमच्यात अजून चालत नाय," मी म्हटलं.

ती म्हणाली, "आमी खातो, आमची पोरं नाय मेली." मग हसली. "तुमी मोठ्या घरच्या, बाय. तुमचे डोळे पण मोठ्या घरचे असतील."

जुडी तिने पायरीवर ठेवली. घरात न्यायची सोय नव्हती. मी ती उचलून म्हशीला घातली. म्हशीने दोन घासांत संपवली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं नाहीच.

सुतक फिटलं, घर सारवलं. तिसऱ्या मंगळवारी भाजी दाखवायची ठरली आणि सोमवारी मीच बाजूला बसले. भाजी सुनेच्याच हातची हवी. सासूबाई म्हणाल्या, "आता पुढचा मंगळवार. तुझंच नशीब आडवं येतं, आमी काय करणार?"

मी पडवीत गोणपाटावर बसलेली. पोरीला माझ्याजवळ येऊ देत नव्हते. बुधवारी सकाळी ती भिंत धरून दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. उजव्या डोळ्यात बुबुळ होतं तिथे पांढरट गोळा दिसत होता, उकडलेल्या अंड्यासारखा. डावा अजून काळा होता, पण कोरडा, सुकलेल्या चिखलासारखा बिनचमकीचा. "आय, दुखतंय," ती म्हणाली. मी उठले नाही. चौथ्या दिवसाची आंघोळ अजून व्हायची होती. बुधवारचा अख्खा दिवस आणि रात्र मी नियमाने काढली. डोळा डोळ्यांदेखत गेलेला पाहूनही. त्या बुधवाराचा दोष मी सासूबाईंना देत नाही, नवऱ्याला देत नाही. तो माझा आहे.

गुरुवारी आंघोळ केली आणि ओल्या केसांनी बांधावर गेले. ओंजळी भरभरून टाकळा खुडला. घरात आणून, लसूण ठेचून, मोठ्या टोपात शिजत टाकला. सासूबाई चुलीशी आल्या. टोपात पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, आता टोप उलटा होणार. मी विळी हाताशीच ठेवली होती. कशासाठी, ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आता सांगवत नाही. त्या वळल्या. बाहेर जाऊन जोत्यावर बसल्या.

मी पोरीला मांडीवर घेऊन भरवलं. रोज भरवलं, अंडंही घातलं. पंधरा दिवसांत ती संध्याकाळी माझा हात अचूक धरायला लागली. डावा डोळा राहिला. उजवा पुढे पार बसला. एका डोळ्याची म्हणून तिला बिजवराला द्यावी लागली. तिने मला कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

देवी कोपली नाही. घरात आजार आला नाही, म्हैस मेली नाही, त्या साली भातही बरं पिकलं. काही म्हणता काही झालं नाही.

त्या गुरुवारी टोपात भाजी बरीच उरली होती. नवऱ्याच्या ताटात मी वाढली, तो ती खाऊन उठला. मग सासूबाई पानावर बसल्या. त्यांना मी भात आणि आमटी तेवढी वाढली. भाजीकडे हात नेला नाही, म्हटलं यांना चालायची नाही. त्यांनी भात कालवला, दोन घास खाल्ले आणि टोपाकडे बघत म्हणाल्या, "मला नाय का गो वाढत?"

मी वाढली. त्यांनी बोटं चाटून खाल्ली आणि परत मागितली.